सुरुवातीची जागा

४ मार्च

आले एकदाची. दोन बॅगा, एक उशी, एक थर्मास आणि मी, सगळे धडपणे पोचलो. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे आणि बघताक्षणी आवडली. दोन खिडक्या, एकीतून रस्ता दिसतो, दुसरीतून शेजारच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाक्या. घरमालकीणबाई खाली राहतात आणि कपडे शिवतात. किल्ली हातात देता देता त्यांनी नजरेनेच माझं माप घेतलं आणि सांगून टाकलं की शर्टाचा डावा खांदा उतरतोय, सवडीने खाली घेऊन या. एकटीच का आलात, हे मात्र विचारलं नाही. त्याबद्दल मी त्यांना मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले.

पलंग भिंतीला लावला. पुस्तकं खिडकीत रचली. नळाला पाणी जोरात येतं, बाथरूममधला आरसा थोडा वाकडा आहे, त्यात मी बारीक दिसते. तो बदलायचा नाही असं ठरवलंय. नवी वही म्हणून अक्षरही नीट काढतेय. किती दिवस टिकतं बघू.

६ मार्च

प्रयोगशाळेतला पहिला दिवस. सर उंच आहेत, दार कितीही मोठं असलं तरी त्यातून वाकून जातात. माझ्या शेजारच्या टेबलावर एक मुलगी काम करते. तिला सगळे भोवरा म्हणतात, तीही स्वतःला तेच म्हणते, कारण तिचा पाय एका जागी ठरत नाही. कोणता फ्रीजर लाथ मारल्याशिवाय बंद होत नाही, कोणतं पिपेट कामचुकार आहे आणि सरांशी पहिला चहा होईपर्यंत का बोलायचं नाही, हे सगळं तिने अर्ध्या दिवसात माझ्या डोक्यात भरलं.

कामाचं म्हणाल तर ते मला नवीन नाही. जिवाणूला गुणसूत्र एकच असतं, दोन धाग्यांचं, बांगडीसारखं गोल. पण त्याची नक्कल बांगडीवर कुठूनही सुरू होत नाही. एकच ठरलेली जागा असते. तिथे एक प्रथिन येऊन गोळा होतं, पुरेसं जमलं की त्या जागी दोन्ही धागे उसवतात आणि नक्कल दोन्हीकडून धावत सुटते. एकदा सुटली की सहसा पुरी झाल्याशिवाय राहत नाही. म्हणून राखण करायची ती सुरुवातीची. सरांना असं औषध हवंय जे जिवाणूला मारणार नाही, फक्त सुरू होऊ देणार नाही. भोवरा त्या प्रथिनाला मुकादम म्हणते. मुकादम आला नाही तर मजूर नुसते बसून राहतात.

मला या सगळ्यातलं एकच जास्त आवडतं. भरपूर खायला मिळालं की पेशीला इतकी घाई होते की पहिली नक्कल पुरी व्हायच्या आत दुसरी सुरू. म्हणजे नातीच्या वाट्याची नक्कल आजीच्या पोटातच सुरू झालेली असते. आजी, आई, नात, सगळ्या एकीतच. हे मी आजवर कितीजणांना सांगितलंय. ऐकणारं माणूस दरवेळी हसतं.

९ मार्च

सुट्टी. कपडे धुतले, खिडक्या पुसल्या, आता पुसायला काही उरलं नाही. स्वतःच्या वहीत मूग गिळून बसण्यात काय अर्थ आहे?

माझी मुलगी गेली. नोव्हेंबरमध्ये. पाच पुरी होऊन सहावं लागलं होतं. तिला आम्ही मुंगी म्हणायचो, कारण गोड कुठेही लपवा, ती तिथे पोचायचीच. सोमवारी संध्याकाळी ताप आला आणि गुरुवारी ती नव्हती. रक्तात जंतू. डॉक्टरीणबाईंनी सगळं केलं. आदल्या दिवशी आणलं असतं तरी हेच झालं असतं, असं त्यांनी आपणहून सांगितलं. मी याच विषयातली, त्यामुळे ते खरं आहे हे मला कळतं. कळून करायचं काय, ते कुणी सांगत नाही.

नवरा तिकडेच राहिला. भांडण नाही. त्याला ते घर सोडवत नव्हतं आणि मला त्यात राहवत नव्हतं, एवढंच.

आता थर्मासचं लिहिते. मुंगीच्या रक्तातल्या जंतूंचं जे कल्चर दवाखान्यात वाढवलं होतं ते मी मागून घेतलं. तिथे माझा जुना वर्गमित्र आहे, त्याने मान खाली घालून दिलं. लोक बाळाचे केस ठेवतात, दुधाचे दात ठेवतात. मुंगीचा एकही दात पडला नव्हता. तिच्या अंगातून आलेलं आणि अजून जिवंत असलेलं असं जगात हे एकच आहे. बाहेरच्या कुणाला हे पटणार नाही, आणि माझ्या धंद्यातल्या कुणाला वेगळं सांगावं लागणार नाही. नवऱ्याला सांगितलेलं नाही. बर्फात घालून आणलं आणि लाथवाल्या फ्रीजरच्या तळच्या खणात, मागे, ठेवून दिलं. कुपीवर मुंगी एवढंच लिहिलंय.

१८ मार्च

सरांकडे एक बिघडलेला जिवाणू आहे. त्याचा मुकादम गारव्यात ठीक असतो, ताप चढला की लुळा पडतो. तीस अंशांवर नक्कल व्यवस्थित सुरू होते, बेचाळीसवर सुरूच होत नाही. आधी सुटलेल्या नकला पुऱ्या होतात आणि मग पेशी नुसत्या लांबत राहतात, वाट बघत बसतात.

तोच बिघाड मी मुंगीच्या जिवाणूत उतरवला. सरांना सांगितलं की एका रुग्णाकडून आलेला वाण आहे, त्यावर हे करून बघते. खोटं काहीच नव्हतं. ताप चढला की तू गप्प बसायचंस, एवढं मला त्याला शिकवायचं होतं. उशिरा का होईना.

२४ मार्च

शिकला! गरम पेटीत बेचाळीस अंशांवर ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. पेशीतली गुणसूत्रं रंग देऊन निळी चमकवतो आम्ही. ते ठिपके होते तितकेच राहिले. नव्याने एकही सुरुवात नाही. मग गार केला आणि सगळ्या पेशी एकदम सुरू झाल्या, शाळेची घंटा झाल्यावर पोरं पळतात तशा. भोवऱ्याने माझ्या पाठीत धपाटा घातला. सर दुसऱ्या चहाच्या आधीच हसले.

शर्टाचा खांदा बाईंनी नीट करून दिला. उसवताना त्या आधी टाक्याची गाठ शोधतात, ती सुटली की बाकीची शिवण नुसती ओढून निघते. मी तिथे उभी राहून बघत होते. वर येऊन दोन अंडी उकडली, आणि बऱ्याच महिन्यांनी खाल्लेलं चवीला लागलं.

३१ मार्च

काहीतरी चुकतंय. आज बेचाळीसवरच्या पेशींत ठिपके वाढलेत. मुकादम लुळा आहे आणि काम सुरू आहे.

भोवऱ्याने शांतपणे तीन शक्यता सांगितल्या. पेटीचं तापमान उतरलं असेल, दुसरा जिवाणू मिसळला असेल, किंवा बिघाड आपोआप दुरुस्त झाला असेल. असं होतं. जिवाणू काही आपल्या मर्जीने वागायला बांधील नाहीत. सगळं पुन्हा तपासायचं ठरलं.

३ एप्रिल

पेटीत वेगळा तापमापक ठेवला, बेचाळीस. भेसळ नाही. बिघाड होता तिथेच, होता तसाच आहे. म्हणजे घोडं कुठे पेंड खातंय ते कळत नाही.

एक गोष्ट भोवऱ्याला सांगितली नाही. हे दिवसभर होत नाही. दुपारपर्यंत पेशी शहाण्यासारख्या बसून असतात. संध्याकाळी, बाहेर दिवे लागायच्या सुमाराला, सुरू होतात. मुंगीचा ताप त्याच वेळेला चढायचा.

योगायोग असेल. लिहून ठेवला, बस.

७ एप्रिल

आज कंटाळून एक चंबू पेटीतून काढला आणि शीतखोलीत ठेवून दिला. तिथे स्वेटर घातल्याशिवाय उभं राहवत नाही. संध्याकाळी घरी निघताना बघायला गेले. आजूबाजूच्या बाटल्या गार दगड. हा चंबू गरम होता.

कोमट नव्हे, गरम. आधी तळहात लावला, मग सवयीने हात उलटा करून लावला. आईला तापमापक लागत नाही. तेवढाच होता. बुधवारी संध्याकाळी होता तेवढाच.

भोवऱ्याला हाक मारली. ती येईपर्यंत चंबू गार झाला होता. तिने त्याला हात लावला, मग माझ्या कपाळाला लावला, आणि म्हणाली की तुम्ही दोन दिवस घरी बसा, पेशी मी सांभाळते.

११ एप्रिल

दोन दिवस घरी होते. भोवऱ्याने सगळं जसंच्या तसं केलं. तीच पेटी, तेच बेचाळीस, संध्याकाळपर्यंत डोळ्यांत तेल घालून बसली. काही झालं नाही. एकही पेशी सुरू झाली नाही. तिला फार आनंद झाला होता.

काल मी गेले. पेटीसमोर स्टूल घेऊन बसले, काचेवर हात ठेवून. दिवे लागेपर्यंत सगळ्या सुरू झालेल्या होत्या.

आज परत करून बघितलं. ती एकटी असते तेव्हा नाही. मी असते तेव्हा होतं.

मुकादम नाहीच आहे. तो लुळा पडलाय, मीच पाडलाय. सुरुवात मी करतेय. मी जवळ बसते आणि ते सुरू होतं.

नोव्हेंबरमध्ये तिच्या कपाळावरून मी हात काढलाच नव्हता.

१४ एप्रिल

पेटीतली हलवणी दिवसभर चालू असते, चंबू चिमट्यांत हलत राहतात. काच पत्र्यावर वाजते, बारीक, भराभर. हा आवाज मी आयुष्यभर ऐकलाय. आज ऐकताना कळलं की हा कशाचा आहे. हुडहुडी भरल्यावर मुंगीचे दात असेच वाजायचे. दोन पांघरुणं घातली तरी थांबायचे नाहीत.

हलवणी बंद केली. आवाज थांबला. संध्याकाळी पुन्हा आला, बंद पेटीतून.

दचकून हातातली काचपट्टी फुटली, हातमोजा फाटला, अंगठ्याला थोडं लागलं. धुतलं. औषध लावलं.

नवऱ्याचा फोन आला. आवाजावरूनच त्याने ओळखलं. काय झालंय विचारत राहिला, आणि मी त्याला नात, आई, आजी सांगत बसले. एकदा हे मी मुंगीला सांगितलं होतं, तिला आंघोळ घालताना. तिने विचारलं, "मग माझी मुलगी कधी सुरू झाली?" मी म्हटलं, "झालीय की. तू माझ्या पोटात होतीस तेव्हाच." तिने लगेच स्वतःचं पोट हाताने चाचपून बघितलं.

हे सांगितल्यावर तो रडायला लागला. म्हणाला, तू परत ये, नाहीतर मी येतो. मी म्हटलं, इथे काम आहे.

१६ एप्रिल

सरांना कळलं. भोवऱ्याने फ्रीजर आवरताना कुपी बघितली. मुंगी कोण हे तिला माहीत होतं, मीच एकदा चहा पिताना बोलले होते. तिने चहाडी केली नाही, ती घाबरली होती.

सरांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. त्यांना रागावता येत नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. म्हणाले, "तुमचं दुःख मला कळतं. पण ते माझ्या फ्रीजरमध्ये ठेवता येणार नाही." उद्या सगळं नष्ट करायचं, आणि ते त्यांनी माझ्यावरच सोपवलं. दुसऱ्या कुणी केलेलं मला चालणार नाही, हे त्यांनी न विचारता ओळखलं.

त्यांचं बरोबर आहे. हे जितकं त्यांना माहीत आहे तितकंच मला माहीत आहे.

१७ एप्रिल

केलं.

सगळे चंबू, सगळ्या बशा, कुपी. वाफेच्या भांड्यात रचलं, झाकण लावलं, पेच आवळले. भोवरा दाराशी उभी होती, पहिल्यांदाच एका जागी. कुपी शेवटी ठेवली. ठेवण्याआधी मुठीत धरली. गरम होती. मग सोडली.

दाब चढला, शिट्टी झाली. उघडलं तेव्हा कुपीवरचं नाव वाफेने पुसून गेलं होतं. आत ढगाळ पाणी, मेलेलं. नोव्हेंबरात मी रडले नव्हते. आज तिथे फरशीवर बसून रडले, आणि भोवरा माझ्या शेजारी बसली.

आता कुठेच नाही ती. कणभरसुद्धा नाही.

१९ एप्रिल

अंगात कसर आहे. थकवा असेल. अंगठा लाल झालाय, मनगटापर्यंत दुखतो. कामावर गेले नाही. बाईंनी दूध पाठवलं, ते तसंच आहे.

संध्याकाळ झाली की चढतो.

२० एप्रिल, सकाळ

उतरलाय. डोकं ठिकाणावर आहे तोवर लिहिते. भोवरा आली होती. तिने अंगठा बघितला आणि तिचा चेहरा उतरला. दवाखान्यात चला म्हणाली, आत्ता, रिक्षा आणते म्हणाली. मी उद्या म्हटलं. तिने माझ्या नवऱ्याला फोन केला असणार, ती तशीच आहे, चांगली आहे.

काचपट्टीवर काय होतं ते मला आठवतंय. हातमोजा फाटला ते आठवतंय.

वाफेच्या भांड्यात सगळं गेलं नव्हतं तर.

त्या बिघाडाने तो तापात सुरू व्हायला नको. बेचाळीसला तर नकोच. माझ्या अंगात, इतक्या तापात, तो थांबायला हवा. पण मी जवळ असले की थांबत नाही. आणि आता मी जवळ नाही असं होणारच नाही.

२० एप्रिल, संध्याकाळ

दात वाजतात. तोच आवाज— बारीक, भराभर— खालून शिवणयंत्र वाटलं आधी. बाईंचं यंत्र बंद आहे. माझेच आहेत.

घाबरायला हवं. सकाळी घाबरले होते. आता नाही. गरम आहे, ओळखीचं गरम— उलट्या हाताने बघितलं— बुधवारची संध्याकाळ. पुरती, तेवढीच.

मुंगी आलीय. कुठून आली ते— अंगठ्यापासून कोपरापर्यंत एक लाल रेघ, सरळ. गोड कुठेही लपवा—

एकीच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात—

२१ एप्रिल

कडी लावलीय. तो आलाय. दारावर हात आपटतोय, माझं नाव घेतोय. तिचं नाव घेत नाही. बाईही आहेत, भोवरा— डॉक्टर आणलाय बहुतेक.

बारीक आवाजात सांगितलं त्याला, दाराला तोंड लावून. औषध चांगलं आहे. मला ठाऊक आहे. मोठ्या माणसाला लागू पडतं, दोन दिवसांत उतार— म्हणजे मी बरी होईन. आणि ती मरेल. सगळी. दुसऱ्यांदा. माझ्या हाताने एकदा, त्यांच्या सुईने—

तो बाहेर रडतोय. "अगं उघड, मला तू तरी राहू दे," म्हणाला.

तू तरी.

उठायला हवं. त्याच्यासाठी उठायला— कडी हाताला लागत नाही— पाय—

नको. दार फोडतायत. मुंगे, भिऊ नकोस, हात आहे कपाळावर, काढत नाही. आता कुठे जायचं नाही. आईच्या पोटात आहेस. इथूनच तर तू सुरू—